उतारवयाची हिरवळ



गेल्या दोन अंकांत या सदरातून आपण दहावी-बारावीच्या मुलांच्या मनाबद्दल बोललो. त्यावर एका वाचक भगिनीचा निरोप आला. त्या म्हणतात, "सर, मुलांच्या मनाचं तुम्ही पुष्कळ सांगता. आमच्या घरात सासरे आहेत, वय सदुसष्ट. तब्येत बरी आहे, पेन्शन आहे, नमाजेला वक्तशीर आहेत. पण दोन वर्षं झाली, घरात असून नसल्यासारखे वागतात. काही विचारलं तर 'आता माझं काय राहिलंय' एवढंच बोलतात. त्यांच्या मनाचं काय करायचं?"

हा प्रश्न एका घराचा नाही. आमच्या सारसोळे-नेरूळ भागात तर तो जवळजवळ प्रत्येक इमारतीत आहे. सारसोळे हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या आणि गावाभोवती इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींत कोकणातून, मराठवाड्यातून, सोलापुराकडून आपली कुटुंबे आली. मुले नोकरीला लागली, फ्लॅट घेतले, मग गावाकडचे अम्मी-अब्बा इथे आणले. मुलांचा हेतू चांगला होता आणि सेवाही होते आहे. तरी सातव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसलेला एखादा म्हातारा माणूस दिवसभर खाली पाहत असतो आणि आपण काय पाहतो हे कुणाला सांगत नाही.

आपण अशा वेळी काय करतो? डॉक्टरकडे नेतो. रिपोर्ट चांगला आला की निश्चिंत होतो. मोठा टीव्ही घेतो. "अब्बा, तुम्ही आता फक्त आराम करा" असे सांगतो. ते ऐकून अब्बा आणखी गप्प होतात. कारण त्या वाक्याचा त्यांना लागलेला अर्थ असा असतो की तुमचे काम संपले.

खरेच संपते का? माणूस वाढतो तो फक्त पंचविशीपर्यंत आणि नंतर नुसता झिजतो, असे आहे का?

शरीराबद्दल विचाराल तर झीज खरी आहे. कुरआनने ती लपवलेली नाही. सूरह रूममध्ये माणसाची वाट सांगितली आहे: आधी दुर्बलता, मग ताकद, मग पुन्हा दुर्बलता आणि पांढरे केस. पण त्याच कुरआनात, सूरह अहकाफमध्ये, चाळीस वर्षांच्या वयाचा वेगळा उल्लेख आहे. माणूस भर ताकदीला पोहोचतो, चाळिशी गाठतो, तेव्हा तो शुक्र करण्याची तौफीक मागतो, आईवडिलांची आठवण काढतो आणि औलादीच्या भल्यासाठी दुआ करतो. म्हणजे चाळिशी हा मनाचा एक दरवाजा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर पहिली वह्य उतरली तेव्हा त्यांचे वय चाळीस होते, आणि त्याआधी ते माणसांच्या गर्दीपासून दूर, डोंगरातल्या हिरा गुहेत एकांतात बसत असत, हेही आपल्याला ठाऊक आहे.

मानसशास्त्रात उतारवयाचा असा विचार करणारा मोठा माणूस म्हणजे स्वित्झर्लंडचे डॉ. कार्ल युंग (१८७५-१९६१). आपण बी.एड.ला मानसशास्त्र शिकतो त्यात बहुतेक भाग बालपणाचा असतो. फ्रॉइड यांनीही माणसाच्या मनाची मुळे बालपणात शोधली. युंग सुरुवातीला त्यांच्यासोबत होते, १९१३ च्या सुमारास वेगळे झाले. त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांत मध्यम वय ओलांडलेले पुष्कळ होते: पैसा आहे, घर आहे, मान आहे, आजार काही नाही, पण जगण्याला अर्थ वाटत नाही. या माणसांकडे पाहून युंग यांनी आयुष्याला दिवसाची उपमा दिली. सकाळी सूर्य वर चढतो, दुपारनंतर उतरतो. सकाळचे काम आहे शिकणे, कमावणे, घर बांधणे, नाव मिळवणे. दुपारनंतरचे काम वेगळे आहे. सकाळचेच नियम घेऊन जो संध्याकाळ जगायला जातो त्याची फजिती होते.

या शास्त्राला मनाच्या खोलीचे मानसशास्त्र म्हणता येईल. आपल्याला जे जाणवते ते मनाचे वरचे पाणी. खाली बराच मोठा भाग आहे, जो आपल्याला दिसत नाही, पण स्वप्नांतून, अकारण रागातून, अकारण रडण्यातून आपली खबर देत राहतो. युंग म्हणतात, जगात वावरताना प्रत्येकाला एक मुखवटा घालावा लागतो. कुणी साहेब असतो, कुणी मास्तर, कुणी कंडक्टर, कुणी घरची मालकीण. मुखवटा वाईट नाही, त्याशिवाय व्यवहार चालत नाही. पण तीस-पस्तीस वर्षे तो घालून माणसाला तोच आपला चेहरा वाटू लागतो. मग एका ३१ तारखेला निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात कोण आहे ते कळत नाही. "आता माझं काय राहिलंय" या वाक्याचा उगम तिथे आहे.

बायकांचा निरोपसमारंभ होत नाही, पण मुखवटा त्यांचाही उतरतो. ज्या अम्मीने चाळीस वर्षे स्वयंपाकघर चालवले, तिच्या हातातून सुनेने प्रेमाने पातेले काढून घेतले की तिची खुर्चीच गेली. तिला ते सांगता येत नाही, कारण सून चांगली आहे.

आणखी एक गोष्ट युंग यांनी सांगितली, ती घरोघरी उपयोगी आहे. आयुष्याच्या पहिल्या अर्ध्या भागात आपल्या स्वभावाची जी बाजू आपण दाबून ठेवतो, ती दुसऱ्या अर्ध्यात आपला वाटा मागायला येते. जन्मभर कडक राहिलेले अब्बा मालिका पाहताना डोळे पुसतात. जन्मभर "जी" म्हणणाऱ्या अम्मी एकदम "मला नाही जायचं त्या लग्नाला" म्हणतात. घरचे म्हणतात, वय झाले, स्वभाव बिघडला. कधी तो आजार असू शकतो, त्याबद्दल पुढे लिहितो. पण पुष्कळदा ती वाढ असते. अब्बांच्या आतला कोवळा माणूस आणि अम्मींच्या आतला ठाम माणूस यांना पहिल्यांदाच सवड मिळालेली असते. मूल चालायला शिकताना पडते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. म्हाताऱ्या माणसाच्या या पडण्या-उठण्याकडे मात्र आपण कपाळाला आठ्या घालून पाहतो.

युंग यांनी हे केवळ पुस्तकात मांडले नाही. फ्रॉइडपासून वेगळे झाल्यावर ते स्वतः मोठ्या मानसिक वादळातून गेले. तेव्हा हे नामांकित डॉक्टर सरोवराच्या काठी बसून लहान मुलासारखी दगडांची घरे रचत असत. पुढे १९२३ साली त्यांनी झुरिचच्या सरोवराकाठी बोलिंगेन इथे दगडी बुरुजासारखे घर बांधायला घेतले. तिथे वीज नव्हती, नळ नव्हता. लाकडे स्वतः फोडायची, चूल पेटवायची, दिवा लावायचा. पत्नी वारल्यानंतर, वयाच्या ऐंशीच्या सुमारास, त्यांनी त्या घरावर आणखी मजला चढवला. दगड, पाणी, लाकूड, आग. मनाच्या तळाशी जायचे तर हातांना जमिनीशी काहीतरी काम हवे, हा त्यांचा अनुभव होता.

आता आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल अशी एक गोष्ट. १९३९ साली दिलेल्या एका व्याख्यानात माणसाचा नवा जन्म, म्हणजे आतून होणारे परिवर्तन, समजावण्यासाठी युंग यांनी जे उदाहरण घेतले ते सूरह कहफचे होते. आपण दर जुम्म्याला जी सूरह पढतो तीच. गुहेत झोपलेले तरुण, आणि हजरत मूसा (अलै.) व अल्लाहचा तो बंदा, ज्याचे नाव कुरआनात नाही पण हदीसमध्ये खिज्र (अलै.) असे आले आहे. युंग हे आलिम नव्हते, मुस्लिमही नव्हते. त्यांनी लावलेला अर्थ एका मानसशास्त्रज्ञाचा आहे, तो तफसीर म्हणून घ्यायचा नाही. पण परक्या माणसाने आपल्या घरातली वस्तू उचलून पाहिली की आपणही ती पुन्हा नीट पाहतो, तेवढा उपयोग करून घेऊ.

सूरहमधली हकीकत सर्वांना माहीत आहे. मी फक्त उतारवयाच्या अंगाने चार जागी थांबतो.

पहिली जागा प्रवासाचे कारण. बुखारी शरीफमधल्या हदीसनुसार हजरत मूसांना विचारले गेले की लोकांत सर्वांत जास्त इल्म कुणाला आहे, आणि त्यांनी 'मला' असे उत्तर दिले. तेव्हा त्यांना सांगण्यात आले की दोन समुद्र मिळतात तिथे अल्लाहचा एक बंदा आहे, त्याच्याकडे असा इल्म आहे जो तुमच्याकडे नाही. एवढा मोठा पैगंबर, फिरऔनशी टक्कर घेतलेला, कौमचा नेता. तो खांद्यावर शिदोरी टाकून विद्यार्थी व्हायला निघाला. 'मला माहीत आहे' पासून 'मला शिकवा' पर्यंतचा हा प्रवास आहे. साठीनंतर मन ताजे राहते ते ज्याला हा प्रवास जमतो त्याचे.

दुसरी जागा 'खिज्र' हे नाव. त्याचा अर्थच हिरवा. हदीसमध्ये कारण सांगितले आहे: ते उजाड पांढऱ्या जमिनीवर बसले आणि ती जमीन त्यांच्या खाली हिरवीगार झाली. युंग यांना हे नाव फार अर्थपूर्ण वाटले.

तिसरी जागा नावेच्या काठावरची चिमणी. दोघे नावेत असताना एक चिमणी काठावर येऊन बसली आणि तिने समुद्रात चोच बुडवली. हजरत खिज्र म्हणाले की अल्लाहच्या इल्मापुढे माझा आणि तुमचा इल्म म्हणजे या पाखराने समुद्रातून जेवढे पाणी घेतले तेवढा. एवढा मोठा धडा, आणि तो समजावायला एक पाखरू पुरले.

चौथी जागा भिंत. गावाने दोन घास दिले नाहीत, तरी खिज्र (अलै.) पडायला आलेली भिंत मजुरी न घेता उभी करतात. कारण तिच्याखाली दोन यतीम मुलांचा ठेवा आहे. मुले मोठी होईपर्यंत तो सुरक्षित राहायला हवा. उतारवयाचे काम याहून चांगल्या शब्दांत मी सांगू शकत नाही. मजुरी संपली, आता पुढच्यांचा ठेवा सांभाळायचा. एरिक एरिक्सन (१९०२-१९९४) या मानसशास्त्रज्ञाने आयुष्याचे आठ टप्पे मांडले, आपल्या बी.एड.च्या अभ्यासक्रमातही ते असतात. त्यातला सातवा टप्पा हाच: पुढच्या पिढीसाठी काही उभे करणे, ते जमले नाही तर साचलेपण. आठवा टप्पा म्हणजे जगलेल्या आयुष्याकडे समाधानाने पाहता येणे. नाही तर नैराश्य.

युंग यांच्या त्या व्याख्यानात आणखी एक प्रसंग येतो. १९२५-२६ मध्ये ते पूर्व आफ्रिकेत केनियाला गेले होते. त्यांच्या काफिल्याचा मुकादम सोमाली मुसलमान होता, सूफी वळणात वाढलेला. त्याच्या लेखी खिज्र ही पुस्तकातली गोष्ट नव्हती, ते कधीही भेटू शकतात असा त्याचा भाव होता. त्याने युंग यांना सांगितले की ते रस्त्यात माणसाच्या रूपात भेटतील, रात्री शुभ्र प्रकाश होऊन भेटतील. आणि मग हसत हसत जमिनीवरची गवताची एक काडी उपटून म्हणाला की असेही दिसू शकतात. अकीदा म्हणून याकडे कसे पाहायचे ते उलेमा सांगतील. मला त्यात दिसते ते एवढेच, की त्या साध्या माणसाला गवताच्या काडीतही अल्लाहची निशाणी ओळखण्याची नजर होती. कुरआन तर वारंवार हेच सांगतो: पाऊस पाहा, मेलेली जमीन जिवंत होते ते पाहा, पाखरे पाहा.

म्हाताऱ्या मनाला निसर्गाचीच गरज का पडते, याचे एक साधे कारण मला वाटते. झाड तुम्हाला विचारत नाही की तुम्ही आधी कोण होता. भरतीचे पाणी साहेबासाठी लवकर येत नाही. मुखवटा उतरलेला माणूस जिथे न लाजता बसू शकतो अशा जागा जगात फार थोड्या आहेत. सजदा ही त्यातली पहिली. उघडी हवा, माती, पाणी ही दुसरी.

सारसोळ्याला ती जागा दहा-पंधरा मिनिटांच्या पायवाटेवर आहे. पाम बीच रस्ता ओलांडला की जेट्टी, पलीकडे खाडी, दोन्ही बाजूंना खारफुटी. कोळी बांधवांच्या होड्या आजही इथून खाडीत जातात. खारफुटीत तिवर नावाचे झाड आहे. चिखलात हवा मिळत नाही म्हणून ते आपली श्वासमुळे जमिनीतून वर काढते. खारे पाणी पिते आणि जास्तीचे मीठ पानांतून बाहेर टाकते. पानावर बोट फिरवून चाटले तर खारट लागते. सारे आयुष्य खाऱ्या पाण्यात, तरी हिरवे. आपल्या कितीतरी दादी-नानी अशाच आहेत.

हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, ज्यांना मराठीत रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. ते गुजरातकडून येतात आणि मे-जूनपर्यंत राहतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. या पाखराबद्दल मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. फ्लेमिंगोचे पिल्लू गुलाबी नसते, राखाडी असते. शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन काही वर्षांनी तो रंग त्याच्या अंगी येतो. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयात एक फ्लेमिंगो किमान ८३ वर्षे जगून २०१४ मध्ये मेला. आपण समजतो तरुणपणी रंग आणि म्हातारपणी राख. या पाखराचे उलटे आहे.

आमच्याच भागातल्या एका घराची हकीकत सांगतो, नावाशिवाय. दादा मूळचे कोकणातल्या खाडीकाठचे, आयुष्य गोदीत गेले. पत्नी वारल्यावर मुलाकडे आले आणि हळूहळू बोलायचे थांबले. नात सातवीत. शाळेने पर्यावरणाचा प्रकल्प दिला: पंधरा दिवस भरती-ओहोटीची नोंद ठेवायची. मुलगी मोबाइलवर तक्ता शोधत होती. दादा कोपऱ्यातून म्हणाले, "चंद्राची तिथी सांग. तिची पाऊणपट कर. तेवढ्या वाजता भरती." मुलीला खरे वाटेना. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पुनवेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. तक्त्याशी ताडून पाहिले तर थोड्याफार फरकाने जुळत होते. मग दोघे जेट्टीवर गेले. पाणी अंदाजापेक्षा उशिरा चढले. दादांनी सांगितले की तक्ता समुद्राचा आहे, खाडीत आत यायला पाण्याला वेळ लागतो. त्यांनी तिला चिखलावर उड्या मारणारी निवटी दाखवली, चिंबोरीचे बीळ दाखवले, उधाण आणि भांग यांतला फरक सांगितला. चांदरातीच्या आसपास उधाण का येते हे कळल्यावर मुलगी घरी येऊन म्हणाली, "रोजाचा चाँद आणि दर्याचं पाणी एकच कॅलेंडर वापरतात!"

दादांचे सगळे दुःख गेले असे झाले नाही. गुडघे दुखतातच, दादीची आठवण येतेच. पण आठवड्यातून तीन-चार दिवस असरनंतर ते जेट्टीकडे जातात. तिथे एका वृद्ध कोळी गृहस्थांशी त्यांची ओळख झाली आहे. दोघांची भाषा थोडी वेगळी, माशांची नावे मात्र सारखी. आणि घरात कुणी "अब्बा, आराम करा" म्हणत नाही, "आज पाणी किती वाजता?" असे विचारतात. बदल एवढाच. पण त्या प्रश्नाने त्यांना घरात पुन्हा जागा मिळाली.

उतारवयाचा आणि निसर्गाचा विषय निघाला की मुंबईतल्या एका मुस्लिम घरातल्या मुलाची आठवण व्हायलाच हवी. डॉ. सालिम अली. जन्म १८९६. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीत वाढवले. एअरगनने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, ती कोणती ते विचारायला मामांनी मुलाला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि आयुष्याची दिशा ठरली. हा भाग शाळेच्या पुस्तकांत येतो. पुढचा भाग मोठ्यांसाठी आहे. तिशीत त्यांची नोकरी गेली. १९३० साली ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि कामधंदा नसलेल्या त्या दिवसांत एका झाडावरची सुगरण पक्ष्यांची घरटी पाहत बसले. त्यातून सुगरणीच्या जीवनाबद्दल जगाला नवी माहिती मिळाली. १९३९ मध्ये पत्नी तहमीना गेल्या. हा घाव मोठा होता. त्यानंतर त्यांनी देशभर पक्ष्यांची पाहणी केली. १९४५ मध्ये कच्छच्या रणात फ्लेमिंगोंची वीण पाहायला गेले. भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा त्यांचा दहा खंडांचा ग्रंथ, जो त्यांनी डिलन रिप्ले यांच्यासह लिहिला, त्याचा पहिला खंड १९६८ मध्ये आला. तेव्हा त्यांचे वय सत्तरीपुढे होते. आत्मचरित्र १९८५ मध्ये आले, वयाच्या अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदाव्या वर्षी. त्याच्या नावातही चिमणीच आहे. ज्या पाखरामागे मूल निघाले, त्याच पाखरामागे म्हातारा चालत होता.

सगळ्यांनी सालिम अली व्हावे असे नाही. पण बेकारी आणि बायकोचा वियोग, ज्या दोन गोष्टींनी माणूस खचतो, त्या दोन्ही वेळी हा माणूस बाहेर पडला आणि आपल्यापेक्षा लहान जिवाकडे लक्ष देऊन पाहू लागला, हे आपल्याला घेता येते.

आता थोडी कटू गोष्ट. नेरूळला खाडीलगत सुमारे तीस एकरांचे एक तळे आहे, जिथे फ्लेमिंगो उतरतात. भरतीचे पाणी आत येण्याची वाट बंद झाली, तळे साचले, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथे फ्लेमिंगो मेलेले सापडले. एरिक्सन ज्याला साचलेपण म्हणतात ते मनातही असेच येते. तळे वाईट नसते, पाणी कमी नसते. आत-बाहेर जाण्याची वाट बुजलेली असते. म्हाताऱ्या माणसाकडून घेणे आपण थांबवले, फक्त देत राहिलो, तर एका बाजूची वाट आपणच बुजवतो. औषध देतो, जेवण देतो, कपडे देतो. सल्ला मागत नाही, काम सांगत नाही, हकीकत ऐकत नाही.

आणि खरी खाडी बुजली तर आपले वडील जातील कुठे? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडायला आणि तिच्या पन्नास मीटरच्या आत बांधकामाला मनाई केली. तरी भराव पडतो, राडारोडा पडतो, कुर्बानीच्या आणि लग्नाच्या दिवसांत आपल्याच घरांतून प्लॅस्टिकच्या पिशव्या नाल्यात जातात. खाडी हा सरकारचा विषय आहे तसाच तो घराचाही आहे. म्हाताऱ्या माणसाच्या पायाखालची हिरवळ राखणे ही त्याची खिदमतच आहे.

एक सावधगिरी. सगळा उदासपणा फिरायला जाऊन जात नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, भूक नाही, नमाजेतही मन लागत नाही, जगणे नको अशी भाषा. किंवा ओळखीची वाट विसरणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, पैशांचा हिशेब एकदम न जमणे: ही आजाराची लक्षणे असू शकतात. डॉक्टरांना दाखवा. यात ईमान कमी असण्याचा काही संबंध नाही. मनाच्या आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हा सरकारी क्रमांक आहे. फोन करायला पैसे लागत नाहीत.

बाकी घरात करण्यासारख्या काही गोष्टी:

१. काम काढून घेऊ नका, बदलून द्या. अम्मींकडून पातेले घेतले तर मसाल्याचे प्रमाण आणि लोणच्याची बरणी त्यांच्याकडेच राहू द्या. नातवंडांसमोर "दादीला विचार" असे म्हणा.

२. मातीचा एक तुकडा द्या. बाल्कनीत चार कुंड्या पुरतात: कढीपत्ता, पुदिना, मेहंदी, सब्जा. पाणी घालण्याचे काम त्यांचे, इतरांनी मध्ये पडायचे नाही. एखादे रोप मेले तरी चालेल.

३. बाहेर जाण्याची वेळ ठरवा. फजरनंतर किंवा असरनंतर. पुरुष मशिदीच्या निमित्ताने निदान बाहेर पडतात. घरातल्या बायकांचे तेही होत नाही. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याभोवती पायवाट आहे, बसायला जागा आहे. सुनेने किंवा लेकीने सोबत जावे. चालणे झाले नाही तरी नुसते बसून पाणी पाहू द्या.

४. गावाची हकीकत लिहून घ्या. विहीर कुठे होती, पाऊस कसा यायचा, कोणत्या झाडाखाली कोण बसायचे. मुलांनी मोबाइलवर आवाज भरून ठेवावा. भिंतीखालचा ठेवा तो हाच.

५. स्वप्न सांगितले तर हसू नका. युंग स्वप्नांना मनाच्या तळाची चिठ्ठी मानत. आपल्याकडेही हजरत यूसुफ (अलै.) यांच्या स्वप्नाची कदर त्यांच्या वृद्ध वडिलांनीच केली होती. अर्थ लावायची घाई नको, "मग काय झालं?" एवढे विचारले तरी पुष्कळ.

६. आणि जे स्वतः साठीत आहेत त्यांच्यासाठी: दर वर्षी एक गोष्ट नव्याने शिका. एका झाडाचे नाव, एक सूरह, एखादी भाषा, नातवाचा बुद्धिबळ. हदीसमध्ये आहे की ज्याला अल्लाहने साठ वर्षांची उमर दिली त्याच्याकडे सबब उरली नाही. हे भीती दाखवणारे आहे तसेच उमेद देणारेही आहे. दिलेली वेळ मोजून दिलेली आहे, वाया घालवण्यासाठी नाही.

ज्या भगिनीने प्रश्न विचारला त्यांना माझे उत्तर एवढेच: सासऱ्यांना आराम पुष्कळ झाला, आता त्यांच्याकडून काहीतरी मागा. त्यांच्या गावची नदी कोणती, तिला पूर कधी यायचा, इथून सुरुवात करा. पहिल्या दिवशी ते उत्तर देणार नाहीत. चौथ्या दिवशी देतील.

प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे की कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर लावता येत असेल तर ते लावून टाका. ज्या दीनने शेवटच्या घटकेलाही रोप हातातून टाकू दिले नाही, त्याचे मानणारे आपण साठ-सत्तरीच्या माणसाला "आता तुम्ही फक्त बसा" असे कसे सांगतो? येत्या जुम्म्याला सूरह कहफ पढून झाली की घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा, "चला, थोडं बाहेर येता?" ते नाही म्हणाले तर पुढच्या जुम्म्याला पुन्हा विचारा. इन्शाअल्लाह, एका जुम्म्याला ते चपला शोधतील.